मागायची रीत

रईसाबाईंसारखी बाई आपल्याला सापडली, याचा गिरिजाला गर्व होता. गर्वाचं घर खाली, असं आपण लहान मुलांना सांगतो. पीएचडी करणाऱ्यांना सांगायला कुणी जात नाही.

गिरिजाचा विषय सोव्हिएत काळातला चोरवाटांचा व्यवहार. मॉस्कोत बसून कुणीतरी वर्षाची योजना आखायचं, कुठल्या कारखान्याने किती पंप बनवायचे ते ठरायचं, पण त्या पंपांना लागणारी बेअरिंगं काही यायची नाहीत. कागदावर सगळं असायचं आणि गोदामात उंदीर. तरीही वर्षअखेर पंप बाहेर पडायचे. ते कसे, हा तिचा प्रश्न. सांगलीला आई शेजारणींना "रशियाचं काहीतरी करते" एवढंच सांगायची, आणि खरं तर तीन वर्षं झाली तरी गिरिजाचंही तेवढंच झालेलं होतं. पुस्तकं होती, आकडे होते, पण जिवंत माणूस नव्हतं.

मग न्यू जर्सीतल्या फेअर लॉन गावच्या एका वाचनालयात तिने लावलेली चिठ्ठी वाचून रईसाबाईंचा फोन आला. वय एक्याऐंशी, खारकीवच्या एका पंप कारखान्यात वीस वर्षं पुरवठा विभागात. कागदोपत्री हुद्दा दुय्यम अभियंता, पण त्यांचं खरं काम वेगळंच. अशा माणसाला तिकडे तोल्काच म्हणत, म्हणजे ढकलणारा. अडलेला माल ढकलून आणायचा. सूटकेसमध्ये सॉसेज, कोन्याक ब्रँडी, कुणाच्या मुलीसाठी नायलॉनचे मोजे असं घेऊन बाई गाडीत बसायच्या आणि दोन दिवसांनी दूरच्या शहरातल्या कुठल्यातरी मॅनेजरच्या दारात उभ्या राहायच्या.

"गिरिजा, मला मिसेस म्हणू नकोस," पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं. "मिसेस दुकानात म्हणतात. नाव आणि वडिलांचं नाव. रईसा बोरिसोव्हना." दोघींचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, बाईंचं इंग्रजी मोडकं, पण अडखळणारं नव्हे. गिरिजा तोंडाने रईसा बोरिसोव्हना म्हणायची आणि मनात रईसाबाई.

दर मंगळवारी अकराला ती जर्सी सिटीहून निघून, होबोकनला गाडी बदलून त्यांच्याकडे पोचायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेकॉर्डर, चहा आणि बाईंनी घातलेल्या काकड्यांच्या लोणच्याची बरणी. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे यजमान, सेम्यॉन, हळू आवाजात रेडिओ लावून संत्री सोलत बसलेले असत. ते आत कधी यायचे नाहीत. त्यांना दम लागायचा, आणि तो दम रेकॉर्डिंगमध्येही ऐकू यायचा. गिरिजाला टंकलेखन करताना त्याचा त्रास व्हायचा, हेही सांगून टाकलं पाहिजे.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत बाईंनी तिला मागायची रीत सांगितली.

"मागायला गेलं की मागायचं नाही," त्या म्हणाल्या. "चहा घ्यायचा. त्याच्या मुलीच्या पियानोची चौकशी करायची. निघायच्या आधी कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगायची. आमच्या ओळखीचे एक होते, त्यांची अशी अडचण होती, एका भल्या माणसाने ती सोडवली. एवढं बोलून गप्प बसायचं. समोरच्याला जमणार असेल तर तो म्हणतो, गुरुवारी फोन करा. जमणार नसेल तर तो हवेबद्दल बोलतो. थंडी वाढली, बर्फ पडणार. की आपण समजायचं."

"आणि सरळ नाही म्हणाला तर?"

"नाही कोण म्हणेल? नाही म्हटलं की तो माणूस आपल्यासाठी संपला, आणि आपण त्याच्यासाठी. हवेचं काय, हवा उद्या बदलते. उद्या पुन्हा जाता येतं."

गिरिजाला इतका आनंद झाला की तिने आपल्याकडची म्हण सांगितली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. बाईंनी ती दोनदा समजावून घेतली आणि खळखळून हसल्या. "तुमचे लोक चुकतात," त्या म्हणाल्या. "भांडं लपवायचंच असतं. ताक द्यायचं नसेल तर बिचाऱ्याला भांडं दिसलंच नाही असं म्हणता आलं पाहिजे."

त्याच भरात गिरिजाने विनीताकाकूंचंही सांगितलं. विनीताकाकू एडिसनला हृदयरोगाच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसतात. पेशंटच्या तारखा त्यांच्या हातात. एखाद्याने अपॉइंटमेंट कॅन्सल केली की ती रिकामी वेळ कुणाला द्यायची हे काकू ठरवतात, आणि न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी घरांत त्यांचा नंबर फ्रिजवर लावलेला असतो. गिरिजाची रूममेट अदिती, तिचे बाबा भारतातून आले होते तेव्हा त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सगळीकडे तीन-तीन महिन्यांची रांग. काकूंनी चौथ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसवलं.

"म्हणजे आमच्यातही तुमच्यासारखंच चालतं," गिरिजा हसत म्हणाली.

रईसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी गिरिजाच्या ताटलीत आणखी एक काकडी वाढली आणि काकूंचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

त्यानंतर बाई जरा बदलल्या. गिरिजा निघाली की तिच्या पिशवीत बरणी ठेवायच्या. एकदा बीटची, एकदा भोपळी मिरचीची. एके दिवशी करड्या लोकरीचा एक स्कार्फ काढून तिच्या गळ्यात बांधला, स्वतः विणलेला. गिरिजाला बरं वाटलं. घर सोडून पाच वर्षं झालेल्या मुलीच्या गळ्यात कुणी स्कार्फ बांधला तर तिला बरं वाटणारच, त्यात तिचा दोष नाही. तिने आपल्या टिपणांत लिहिलं: विश्वास निर्माण झाला आहे.

जानेवारीत बाईंनी बोलता बोलता सांगितलं की सेम्यॉनच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. तारीख मिळाली आहे सतरा एप्रिलची.

"अरे बापरे," गिरिजा म्हणाली. "काळजी घ्या त्यांची." आणि तिने रेकॉर्डर चालू केला.

त्या दिवशी बाईंनी एकोणीसशे चौऱ्याहत्तरची गोष्ट सांगितली. कारखान्यात ल्यूबा नावाची त्यांची मैत्रीण होती. तिच्या आईला हृदयाचा आजार, लेनिनग्राडच्या इस्पितळात चार महिन्यांची रांग. म्हातारी तोवर टिकेल असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर एक बाई बसत, आणि त्या बाईंना ओळखणारी एक मुलगी ल्यूबाकडे नेहमी यायची. चांगली मुलगी, शिकलेली, चांगल्या घरातली. ल्यूबाने तिला काही सांगितलं नाही, फक्त चहा पाजला. पण मुलगी हुशार होती. तिला कळलं. तिने एक फोन केला.

"आणि मग?" गिरिजाने विचारलं.

"मग म्हातारी आणखी नऊ वर्षं जगली," रईसाबाई म्हणाल्या, आणि गप्प बसल्या.

तुम्हाला कळलं असेल. गिरिजाला कळलं नाही. तिला शिकवलेलं होतं की सांगणारा थांबला तर आपण बोलायचं नाही, शांतता भरून काढायची नाही, आणखी काहीतरी येतं त्यातून. म्हणून तीही थांबली. बाहेरच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. संत्र्याची साल सोलायचा आवाजही थांबला. बाई दोन्ही हात टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत होत्या, आणि गिरिजा मनात म्हणत होती, काय सुंदर मुलाखत चाललीय.

बराच वेळ काही आलं नाही तेव्हा तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"बर्फ पडायला लागला की हो," ती म्हणाली. "आज लवकर निघते. गाड्या अडकतात."

रईसाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "हो, थंडी वाढलीय. सांभाळून जा." त्यांनी तिला दारापर्यंत पोचवलं. त्या दिवशी पिशवीत बरणी नव्हती, पण ते गिरिजाच्या लक्षात घरी पोचल्यावर आलं आणि लगेच विसरूनही गेलं.

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून तिने ती मुलाखत उतरवली. मुलाखतीतल्या प्रत्येक उताऱ्याला विषयाप्रमाणे रंग द्यायचा अशी पद्धत असते. ल्यूबाच्या गोष्टीला तिने हिरवा रंग दिला आणि समासात लिहिलं: आडून मागणं, वैद्यकीय, १९७४. तिच्या प्रोफेसरबाईंनी तो उतारा वाचून दोन ओळींची ईमेल पाठवली, की असं अस्सल उदाहरण त्यांनी कित्येक वर्षांत वाचलेलं नाही. गिरिजाने ती ईमेल तीनदा वाचली.

संध्याकाळी खिचडी खाताना तिने अदितीला सगळं सांगितलं. ल्यूबा, म्हातारी, खिडकीवरची बाई. अदिती मॅनहॅटनच्या एका बँकेत सॉफ्टवेअर बघते, तिला रशियाचं काही पडलेलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं.

"पण तू म्हणत होतीस ना, त्यांच्या हजबंडना पण हार्टचंच काहीतरी आहे?"

"हो. एप्रिलची डेट मिळालीय त्यांना."

"एप्रिल? यार, विनीताकाकूंना कॉल कर ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"अगं, मी रिसर्चर आहे त्यांची. असं मध्ये पडायचं नसतं, त्याचे रूल्स असतात," गिरिजा म्हणाली. "शिवाय त्यांनी मागितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी काही मागितलेलं नाही."

अदितीने खांदे उडवले आणि पापड मोडला. विषय संपला.

पुढच्या मंगळवारी सकाळी बाईंचा फोन आला, आज येऊ नकोस, सेम्यॉनला बरं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारी फोन आला नाही, म्हणून गिरिजा गेली. प्रश्नांची नवी यादी केली होती, रेकॉर्डरला नवे सेल घातले होते.

दार रईसाबाईंनीच उघडलं. पायात फक्त मोजे होते. आतल्या बोळातल्या आरशावर पांढरी चादर टाकलेली होती, घरात कुणी गेलं की त्यांच्यात आरसे झाकतात, आणि ती चादर बघून गिरिजाला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मरण घरात आलेलं कुठल्याही देशात ओळखू येतं.

"गुरुवारी," रईसाबाई म्हणाल्या. "सकाळी. खुर्चीतच."

ॲरिझोनातल्या चँडलरहून त्यांचा मुलगा आला होता, तो कुठल्याशा कागदांसाठी बाहेर गेला होता. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. टेबलावर चहा नव्हता. गिरिजाने पर्स मांडीवर घट्ट धरली होती आणि तिला आठवेल ते सगळं ती बोलत होती: किती वाईट झालं, कळवलं का नाहीत, मला काही करता येण्यासारखं असेल तर सांगा. तेवढं शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर बाईंनी मान वर केली.

"मला तुझी माफी मागायची होती," त्या म्हणाल्या.

"माझी?"

"मी तुला अडचणीत टाकलं. तू शिकणारी मुलगी, परक्या देशातली. तुझे युनिव्हर्सिटीचे नियम असतील, तुझ्या त्या काकूंचे नियम असतील. मी ते सगळं नीट तोलायला हवं होतं. पूर्वी मी कधी चुकत नसे. कुणाकडे काय मागावं, किती मागावं, माझा अंदाज कधी चुकला नाही. या वेळी चुकला. तू हवेबद्दल बोललीस, आणि छान बोललीस. मला वाईट नाही वाटलं."

कसली अडचण, कुठली काकू, हे शब्द गिरिजाच्या अगदी जिभेवर आले होते. आणि मग तिला तो बर्फ आठवला. बंद झालेला रेडिओ आठवला. हिरवा रंग दिलेला तो उतारा, समासातलं आपलं नीटस अक्षर, आणि त्याच्यापुढे टाकलेलं १९७४. टेबलापलीकडे बसून एक बाई आपल्या नवऱ्याचा जीव मागत होती आणि हिने त्यावर जुनं वर्ष टाकून ते फाइलमध्ये ठेवलं होतं.

आणि ही भाषा तिला परकी होती असंही नाही, हेच तिला सहन होईना. ती सतरा वर्षांची असताना पुण्याला होस्टेलची खोली मिळत नव्हती, तेव्हा बाबा तिला घेऊन ओळखीच्या, कॉलेजातल्या गुरुदत्त सरांकडे गेले होते. दोन तास बाबा सांगलीच्या हळदीच्या भावावर बोलले. निघताना, जिन्यात, चपला घालताना म्हणाले, "आमची ही इथंच असते आता, राहायचं तेवढं बघतोय कुठं काही." सर म्हणाले, सोमवारी या. गिरिजाला त्या दिवशी बाबांची लाज वाटली होती. एवढं आडून का बोलायचं, असं तिने रिक्षात त्यांना फटकारलंही होतं. बाबा म्हणाले होते, शहाण्याला शब्दाचा मार. पीएचडीपर्यंत पोचलेल्या शहाणीला चाळीस मिनिटांची गोष्ट पुरली नव्हती.

रईसाबाई अजून बोलत होत्या. आता त्या गिरिजाकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या मेणकापडावरून बोट फिरवत होत्या.

"सेम्यॉन माझ्यावर रागावला होता. त्या दिवशी तू गेल्यावर. म्हणाला, सरळ माग. रईसा, इथे अमेरिकेत लोक सरळ मागतात. ती पोर आहे, तिला तुझं हे जुनं काही कळायचं नाही. तिला सांग, माझा नवरा आजारी आहे, तुझ्या काकूंना फोन कर. चार शब्द आहेत, म्हणाला, आणि तुला ते जड होतात."

त्या थांबल्या. गिरिजाही गप्प राहिली, पण या वेळी शिकवलेलं म्हणून नव्हे.

"मी म्हटलं, नाही, मुलगी हुशार आहे. तिला सगळं कळलंय, फक्त तिला जमत नाहीये. मी वीस वर्षं हेच काम केलंय, समोरच्याला कळलं की नाही ते मला कळतं. तो म्हणाला, तुला काहीही कळत नाही, तुझा देश केव्हाच संपला. असं तो मला कधी बोलला नव्हता. आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं. मग दम वाढला तरी तो हॉस्पिटलला पण नको म्हणाला, आणि मीही हट्ट केला नाही. मला वाटलं, आहे की एप्रिल." त्यांचा आवाज एवढ्या वेळात पहिल्यांदा फुटला. त्यांनी हाताने तोंड झाकलं, आणि हात खाली घेतल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा कोरडा होता.

"म्हणून मला तुला एकच विचारायचं आहे. मला खरं सांग. तुला कळलं होतं ना?"

गिरिजाला खरं बोलायची फार इच्छा झाली. खरं बोललं असतं तर तिची सुटका होती. मला कळलंच नाही हो, कळलं असतं तर मी तिथल्या तिथे फोन केला असता, देवाशपथ केला असता. ते खरंही होतं, आणि ऐकणाऱ्या कुणालाही पटलं असतं. हिच्या मनात पाप नव्हतं, फक्त अक्कल नव्हती, असं लोक म्हणाले असते.

पण मग सेम्यॉनचं बरोबर होतं. मग चार शब्दांनी तो वाचला असता, आणि ते चार शब्द या बाईने गिळले होते. एक्याऐंशीव्या वर्षी, या घरात, चादर टाकलेल्या आरशासमोरून रोज ये-जा करत तिला तेवढंच घेऊन जगायचं होतं.

विनीताकाकूंना विचारलं पण त्यांनाच जमलं नाही, असंही म्हणता आलं असतं. ते तिच्या मनात येऊन गेलं. पण चार दिवसांत वेळ काढून देणाऱ्या काकूंचं कौतुक तिनेच या टेबलावर बसून केलं होतं, आणि रईसाबाईंसारख्या बाईला ते खोटं क्षणात कळलं असतं. शिवाय दोष कुणाला तरी घ्यायचाच असेल तर तो काकूंनी का घ्यावा?

"कळलं होतं," गिरिजा म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तेव्हाच?"

"तेव्हाच. तुम्ही ल्यूबाची गोष्ट सांगितलीत तेव्हाच कळलं. मी काकूंना फोन केला नाही. मला नियमांची भीती वाटली. माझी डिग्री अडेल असं वाटलं. म्हणून मी बर्फाचं बोलले."

हे ऐकताना रईसाबाईंचे खांदे सैल झाले. किती दिवसांनी झाले असतील कोण जाणे. त्या खुर्चीला मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"मग मी बरोबर मागितलं होतं," त्या म्हणाल्या.

"अगदी बरोबर."

"सेम्यॉनला वाटलं मी विसरले."

"नाही विसरलात."

बाहेर जिन्यात मुलाच्या पावलांचा आवाज आला, किल्ली वाजली. रईसाबाईंनी डोळे उघडले. माफी मागताना त्यांच्या नजरेत जी माया होती ती आता कुठेच नव्हती, आणि गिरिजाने ती शोधलीही नाही.

"आता जा तू," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा येऊ नकोस. ज्याला कळतं आणि तरी जो करत नाही, अशा माणसाला आमच्याकडे चहा देत नाहीत."